सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांचं गणित नेमकं कुठे बदललं?

'सॉफ्टवेअर इंजिनिअर हवेत' अशी जाहिरात झळकण्याच्या बरीच आधी कंपनीच्या एखाद्या स्प्रेडशीटमध्ये एक ओळ वाढलेली असते. तिला हेडकाउंट म्हणतात. वर्षाचं किंवा तिमाहीचं बजेट ठरताना प्रत्येक टीमला माणसांचा आकडा ठरवून मिळतो. त्यात एक वाढवायचा तर मॅनेजर कारण लिहून देतो, फायनान्सवाले मान डोलावतात, रिक्विझिशन, म्हणजे भरतीची अधिकृत मागणी, उघडते आणि मग जाहिरात येते. बाजार कुठे चाललाय हे कळण्यासाठी जाहिराती मोजण्यापेक्षा या ओळीकडे बघितलेलं बरं. ती हल्ली सहजासहजी का वाढत नाही, आणि वाढलीच तर कशा प्रकारच्या माणसासाठी वाढते, हे दोन प्रश्न सुटले की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

पहिल्या प्रश्नाला 'एआयने नोकऱ्या खाल्ल्या' हे उत्तर सर्रास दिलं जातं. तारखा लावून बघितल्या तर ते पुरत नाही. मोठ्या कंपन्यांमधली लेऑफची पहिली मोठी लाट नोव्हेंबर २०२२ ते मार्च २०२३ या काळातली. मेटाने आधी ११,००० आणि नंतर १०,००० जागा कमी केल्या, गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,०००, ॲमेझॉनने टप्प्याटप्प्याने सुमारे २७,०००. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे मेटाच्या पहिल्या घोषणेनंतर तीन आठवड्यांनी. (या सगळ्या जागा इंजिनिअरांच्या नव्हत्या, भरती करणाऱ्या विभागांनाही मोठी झळ बसली. भरतीच थांबली तर भरती करणाऱ्यांना काम कुठून असणार?)

तेव्हा महाग झाला होता तो पैसा.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे फेडचा, व्याजदर मार्च २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत शून्याला टेकलेला होता. जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. याचा इंजिनिअरच्या पगाराशी संबंध असा: सॉफ्टवेअर कंपनी पगार आज देते आणि त्या कामाची कमाई पुढच्या काही वर्षांत येईल अशी आशा धरते. पाच वर्षांनी मिळणाऱ्या १०० डॉलरची आजची किंमत १ टक्का दराने ९५ डॉलर भरते, ५.५ टक्क्यांनी जेमतेम ७६. प्रॉडक्ट तेच, माणसं तीच, पण कागदावरचा फायदा पंचमांशाने आटला. ज्या प्रयोगांना कधीतरी फळ येईल म्हणून दहा-दहा माणसांच्या टीम दिल्या होत्या, त्या सगळ्यात आधी बंद पडल्या. त्यात लॉकडाउनच्या काळात ऑनलाइन खरेदी आणि व्हिडिओ कॉलचा वापर अचानक वाढला होता, आणि तो तसाच राहील असं धरून अफाट भरती झालेली होती. इंडीड या नोकऱ्यांच्या साइटवरच्या अमेरिकेतल्या सॉफ्टवेअर जाहिरातींची फेब्रुवारी २०२० ची पातळी १०० धरली, तर २०२२ च्या सुरुवातीला ती दुपटीच्याही वर होती आणि २०२५ मध्ये १०० च्या बरीच खाली. आज तुलना करताना लोक २०२२ चा कळस डोळ्यांसमोर ठेवतात आणि घसरण आहे त्याहून भयंकर वाटते. पण २०२० च्या मानानेही बाजार खालीच आहे, हे नाकारून चालणार नाही.

तिसरं कारण करकायद्यातलं आहे आणि ते एका उदाहरणाने पटकन कळतं. एका छोट्या अमेरिकन कंपनीची वर्षाची कमाई १० लाख डॉलर आणि इंजिनिअरांच्या पगाराचा खर्चही १० लाख डॉलर. पूर्वी नफा शून्य, कर शून्य. २०१७ च्या कायद्यातला एक बदल २०२२ पासून लागू झाला आणि सॉफ्टवेअर विकासाचा खर्च त्याच वर्षी वजा करणं बंद झालं. तो ५ वर्षांत वाटायचा, आणि पहिल्या वर्षी अर्ध्याच वर्षाचा वाटा, म्हणजे १० टक्के धरायचा. मग कागदावर ९ लाखांचा नफा उभा राहतो आणि २१ टक्क्यांनी १,८९,००० डॉलर कर बसतो, तिजोरीत एक डॉलर उरलेला नसताना. देशाबाहेर केलेल्या कामासाठी तर हाच खर्च १५ वर्षांत वाटावा लागतो. जुलै २०२५ च्या नव्या कायद्याने देशांतर्गत खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा करता येऊ लागला. परदेशातल्या कामाचा १५ वर्षांचा नियम तसाच राहिला. परदेशात बसून अमेरिकन कंपनीसाठी काम करणाऱ्या इंजिनिअरचा हिशेब लावताना फायनान्सवाल्यांच्या डोक्यात हेही असतं.

दहा दिवसांच्या कामातले तीन दिवस

आता दुसरा प्रश्न. इथे मात्र एआयचा संबंध थेट आहे, पण लोक समजतात तसा नाही.

दहा दिवसांचं एखादं काम घ्या. गरज समजून घ्यायला दोन दिवस, रचना ठरवायला दीड, कोड लिहायला तीन, टेस्ट आणि रिव्ह्यूला दोन, डिप्लॉय करून, म्हणजे वापरकर्त्यांसाठी चालू करून, नजर ठेवायला दीड. एआय टूलमुळे कोड लिहिण्याचा वेग दुप्पट झाला तर वाचतो दीड दिवस, म्हणजे एकूण १५ टक्के. लिहिणं अगदी शून्य वेळात झालं तरी तीन दिवसांपलीकडे काही वाचत नाही. ॲमडालचा नियम म्हणून संगणकशास्त्रात जो शिकवतात, तो हाच. शिवाय दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायला जास्त वेळ लागतो आणि इथे तो दुसरा म्हणजे यंत्र. टेस्ट-रिव्ह्यूचे दोन दिवस तीन झाले, तर दीड दिवसाच्या बचतीतला अर्धाच दिवस हाती राहतो.

मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये ओपन सोर्सवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडवर, काम करणाऱ्या १६ अनुभवी डेव्हलपरांना २४६ कामं दिली. काही कामांत एआयला परवानगी, काहींत बंदी. परवानगी असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्या डेव्हलपरांना वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने काम केलं. ही माणसं आपापल्या प्रकल्पात वर्षानुवर्षं मुरलेली होती आणि टूल्स त्यानंतर बरीच सुधारली आहेत, म्हणून १९ हा आकडा सगळीकडे चिकटवू नये. वाटणं आणि असणं यांतलं अंतर मात्र लक्षात ठेवावं. वेग वाढला असं सांगणाऱ्या कुठल्याही टीमला विचारावं: घड्याळ लावून मोजलं का?

थोडक्यात, कोड लिहून घेणं स्वस्त झालं. तो बरोबर आहे हे सांगणं मात्र स्वस्त झालं नाही. टूलने लिहिलेल्या कोडमध्ये काय चुकतं ते बघितलं की हे पटेल.

समजा ऑर्डरचा तपशील दाखवणारं एपीआय, म्हणजे ॲपला सर्व्हरकडून माहिती मिळवून देणारा दुवा, हवं आहे. टूल सुबक कोड देतं: वापरकर्ता लॉगिन आहे का तपासतं, यूआरएलमधला ऑर्डर क्रमांक घेतं, डेटाबेसमधून माहिती काढून परत देतं. टेस्ट पास होतात. पण ती ऑर्डर त्याच वापरकर्त्याची आहे का, हे कुठेच तपासलेलं नसतं. यूआरएलमधला ५०१ खोडून ५०२ केला की दुसऱ्याचा पत्ता आणि फोन नंबर समोर. किंवा पैशांचं काम घ्या. उत्तर वेळेत आलं नाही तर पेमेंटची विनंती पुन्हा पाठव, एवढंच सांगितलं तर टूल तीनदा प्रयत्न करणारा लूप लिहून मोकळं होतं. पहिली विनंती पोहोचली होती आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं होतं, असं झालं तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला आयडेम्पोटन्सी की लावावी लागते, म्हणजे असा क्रमांक, जो दुसऱ्यांदा आला तर समोरची यंत्रणा नवा व्यवहार न करता जुनंच उत्तर परत देते. कधी टूल अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, नाव सुचवतं. तीच नावं पुन्हा पुन्हा सुचवली जातात, म्हणून हल्लेखोर ती आधीच नोंदवून त्यात घातक कोड भरून ठेवू शकतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे त्याच टूलने लिहिलेल्या टेस्ट. कोड जे करतो तेच बरोबर असं धरून त्या लिहिलेल्या असतात, त्यामुळे चूक असली तरी हिरवा दिवा लागतो.

यातली एकही चूक वाक्यरचनेची नाही. ती पकडायला हे प्रॉडक्ट कोण वापरतं, पैसे कुठून कुठे जातात आणि यंत्रणा कुठे अर्ध्यात तुटू शकते, हे माहीत असावं लागतं. स्प्रेडशीटमधली ओळ आज वाढते ती अशा माणसासाठी.

खालची पायरी

आणि म्हणूनच सगळ्यात जास्त मार फ्रेशरला बसला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पगारपत्रकांच्या मोठ्या डेटावरून दाखवलं, की अमेरिकेत २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपरांचा रोजगार २०२२ च्या अखेरीस गाठलेल्या शिखरापासून जुलै २०२५ पर्यंत जवळपास २० टक्क्यांनी घटला. त्याहून मोठ्या वयाच्या डेव्हलपरांमध्ये अशी घसरण दिसली नाही. यातला व्याजदराचा वाटा किती आणि एआयचा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आतली यंत्रणा मात्र साधी आहे. नवा माणूस पहिले काही महिने कंपनीला जेवढं देतो त्यापेक्षा जास्त घेतो: त्याच्या पगाराशिवाय सिनिअरचा रोजचा तास-दीड तास. त्या बदल्यात तो छोटे बग, साधे फॉर्म, उरलेल्या टेस्ट, जुनी डॉक्युमेंटेशन अशी कामं उरकायचा आणि त्यातूनच कोडबेस, म्हणजे कंपनीचा सगळा कोड, शिकायचा. आता नेमकी ती कामं सिनिअर टूलकडून करून घेतो. शिकण्याची फी ज्यांच्यातून भरली जायची तीच कामं गेली. एकेका कंपनीच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. सगळ्यांनी तोच केला तर पाच वर्षांनी सिनिअर कुठून आणणार हे कोणी सांगत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? हे सगळ्यांना कळतं, पण आड भरण्याचं काम शेजारच्या कंपनीने करावं असं प्रत्येकाला वाटतं.

तासांवर बिल लावणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांचा पिरॅमिडही याच कारणाने अरुंद होतोय. तिथे खाली भरपूर फ्रेशर आणि वर मोजके अनुभवी, असं ठेवूनच नफा निघतो. टूलमुळे तास वाचतात हे क्लायंटला कळलं की तो बिल कमी करून मागतो किंवा ठरावीक रकमेचा करार करतो, आणि मग बेंचवर, म्हणजे कामाविना, माणसं बसवून ठेवणं परवडत नाही.

अर्ज कुठे अडतो

अर्ज भरणाऱ्या बॉटमुळे एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो. तो एटीएस नावाच्या, अर्ज हाताळणाऱ्या प्रणालीत जातो. ही प्रणाली म्हणजे रेझ्युमे वाचून निकाल देणारा सर्वज्ञ रोबो, असा समज आहे. बहुतेक ठिकाणी ती गाळण्या लावलेली यादी असते. अर्ज आपोआप बाद होतो तो मुख्यतः फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर: कामाचा परवाना आहे का, किमान अनुभव किती, त्या शहरात येणार का. पुढे रिक्रूटर यादी बघायला घेतो आणि मुलाखतीपुरती दहा-पंधरा नावं जमली की थांबतो. म्हणून जाहिरात आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत अर्ज करण्याला जे महत्त्व आहे, ते रेझ्युमेच्या फाँटला नाही.

रेफरलचाही क्रम असतो. बऱ्याच कंपन्यांत ओळखीच्या कर्मचाऱ्याने आधी तुमचं नाव घालायचं आणि मग तुम्ही त्याच दुव्यावरून अर्ज करायचा. आधी स्वतः अर्ज केला आणि मग रेफरल मागितलं, तर ते त्या अर्जाला जोडता येत नाही. काही जाहिरातींमागे तर उघडी रिक्विझिशनच नसते. नुसते रेझ्युमे गोळा करायचे असतात किंवा आतला उमेदवार ठरलेला असतो. तीच जाहिरात दोन-तीन महिने पुन्हा पुन्हा पडते, टीमचा उल्लेख नसतो, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ती सापडत नाही: अशा ठिकाणी वेळ घालवू नये.

रेझ्युमेची एक चाचणी अर्ध्या मिनिटात होते. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. दोन रकान्यांचा सुंदर साचा असेल तर कंपन्यांची नावं आणि तारखा एकमेकांत मिसळलेल्या दिसतील, आणि प्रणालीलाही तशाच दिसू शकतात. मजकुरात 'आधुनिक तंत्रज्ञान वापरून वेब ॲप बनवलं' याला आता काही किंमत उरली नाही. ते दुपारभरात कोणीही बनवून घेतो. 'ऑर्डर शोधायला ४ सेकंद लागत होते. क्वेरी प्लॅन बघितला, दोन कॉलमवर मिळून इंडेक्स घातला, निकालांची पानं पाडली, वेळ ३०० मिलिसेकंदांवर आला' या वाक्यावर मुलाखतीत दहा मिनिटं बोलता येतं. येत नसेल तर ते वाक्य लिहूच नये, कारण पहिला प्रश्न त्यावरच येतो.

मुलाखतीही बदलल्या. घरी बसून सोडवायच्या कोडिंग टेस्टवरचा विश्वास उडाला, म्हणून गूगलसह काही कंपन्यांनी समोरासमोरची फेरी परत आणली. दुसरीकडे तयार कोड हातात देऊन रिव्ह्यू करायला लावणं, मोडक्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) बग शोधायला लावणं, किंवा एआय वापरू देऊन तुम्ही त्याचं काय स्वीकारता आणि काय फेकता हे बघणं, अशा फेऱ्या आल्या. रिव्ह्यूच्या फेरीत बहुतेक जण पहिल्या फाइलच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात आणि व्हेरिएबलच्या नावांवर दहा मिनिटं घालवतात. आधी हा बदल कशासाठी आहे ते विचारावं, मग डेटाबेसच्या रचनेत काय बदललं ते बघावं, मग टेस्टमध्ये काय सुटलंय ते, आणि शेवटी कोड. प्रत्येक आक्षेप मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळणं, थांबवणारा आहे की नुसती सूचना, हे बोलून दाखवावं. परीक्षकाला तुमची पारख तिथेच कळते.

नवख्याने काय बांधावं

दहा प्रोजेक्टऐवजी एकच, पण तीन महिने चालू ठेवलेलं. डिप्लॉय करा आणि पाच का होईना, खरे वापरकर्ते मिळवा. एरर आली तर तुम्हाला मेसेज यायला हवा. रोज बॅकअप घ्या आणि महिन्यातून एकदा तो रिकाम्या डेटाबेसवर चढवून बघा. बॅकअप घेतला जातोय पण फाइल शून्य बाइटची आहे, हे नेमकं गरजेच्या दिवशी कळतं.

मग चालू ॲपमध्ये एखाद्या कॉलमचं नाव बदला. हे काम क्षुल्लक वाटतं, पण त्यात शिकण्यासारखं फार आहे. थेट नाव बदललं तर डिप्लॉयच्या वेळी काही क्षण जुना आणि नवा कोड एकत्र चालू असतो. जुना कोड जुनं नाव शोधतो आणि एररचा पाऊस पडतो. बरोबर रीत लांबची आहे: नवा कॉलम जोडा, दोन्हींत लिहायला लागा, जुनी माहिती हजार-हजार ओळींच्या गठ्ठ्यांनी नव्या कॉलममध्ये भरा, दोन्हींतली माहिती जुळते का तपासा, वाचणं नव्याकडे वळवा, जुन्यात लिहिणं थांबवा आणि काही दिवसांनी जुना कॉलम काढा. सगळे गठ्ठे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एका दमात पूर्ण होणाऱ्या डेटाबेसच्या व्यवहारात) भरले तर ओळी लॉक होऊन बाकीचे वापरकर्ते ताटकळतात. प्रत्येक टप्प्यावरून मागे कसं फिरायचं तेही लिहून ठेवा, कारण शेवटच्या टप्प्यानंतर परतीची वाट नसते. काही बिघडलंच तर एक पानी टिपण लिहा: कधी कळलं, कशामुळे झालं, तात्पुरतं काय केलं, कायमचं काय बदललं. मुलाखतीला जाताना फ्रेशरच्या हाती असं टिपण असेल, तर शिकण्याची फी त्याने स्वतःच भरलेली असते.

ओपन सोर्समध्ये नाव करायचं असेल तर टूलकडून लिहून घेतलेल्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव, पाठवू नका. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर त्यांना वैतागलेले आहेत. एखादा उघडा बग घेऊन तो हमखास दिसेल असं सगळ्यात लहान उदाहरण बनवून द्या. ते फुकट करणारी माणसं कमी असतात.

ऑफरच्या आधी

शेवटच्या फेरीत तुम्हालाही प्रश्न विचारायचे असतात. ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? रिक्विझिशन मंजूर आहे की मंजुरीच्या वाटेवर? वाटेवर असेल तर तोंडी होकारानंतरही ऑफर अडकू शकते. स्टार्टअप असेल तर खात्यात किती आणि महिन्याला कमाई वजा जाता किती जातं, हे विचारा: ६० लाख डॉलर असतील आणि महिन्याला ४ लाख जात असतील तर १५ महिने. नवी गुंतवणूक उभी करायला सहा महिने धरले तर तुमच्याकडे काम दाखवायला नऊ उरतात. ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला तर फोन उचलायची पाळी, किती आठवड्यांनी येते आणि गेल्या महिन्यात रात्री किती वेळा फोन वाजला, हे मॅनेजरपेक्षा टीममधल्या इंजिनिअरला विचारावं. आणि सही झालेलं ऑफर लेटर हाती येऊन पार्श्वभूमी तपासणी पूर्ण होईपर्यंत जुन्या जागेचा राजीनामा देऊ नये.